शिध्याच्या गावी पोहोचण्याचा दिवस

आज वार कोणता?

लांब पल्ल्याच्या वाटेवर आठवडाभर चाललेल्या माणसाला एवढंच विचारून बघा. किती किलोमीटर झाले, पुढचं पाणी कुठे आहे, काल रात्री थंडी किती होती, हे सगळं तो न थांबता सांगेल. वार विचारला की अडखळेल. वाटेवर वाराचं काही कामच नसतं. उजाडलं की निघायचं, मावळायच्या आत तंबू उभा करायचा. पण ज्या दिवशी वाट एखाद्या वस्तीला येऊन मिळते आणि रिकाम्या झालेल्या पिशव्या पुन्हा भरायच्या असतात, त्या दिवशी हाच वार आडवा येतो.

मी एकदा पाच दिवसांची चाल संपवून दुपारी साडेतीनला अशा एका गावात उतरलो. दुकानाला कुलूप. वार शनिवार होता, आणि शनिवारी दुकान एक वाजता बंद होतं हे दारावरच्या पाटीवर स्वच्छ लिहिलेलं होतं. माझ्या वहीत रोजची वेळ होती, शनिवारची नव्हती. सॅकमध्ये मूठभर दाणे आणि सूपचं एक पाकीट उरलं होतं. सोमवारी सकाळी दुकान उघडायला चाळीसेक तास होते. ते कसे काढले ते सांगत बसत नाही, पण तेव्हापासून शिध्याच्या दिवसाची तयारी मी आदल्या संध्याकाळी करतो आणि सगळं गणित दुकान बंद व्हायच्या वेळेपासून मागे मोजतो. पुढे जे लिहिलंय ते याच एका सवयीभोवती फिरतं.

लांब वाट एका दमात कुणीच चालत नाही. अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चार हजार किलोमीटरहून लांब आहे, पण चालणाऱ्याच्या पाठीवर एका वेळी फक्त पुढच्या दुकानापर्यंतचं अन्न असतं. म्हणजे अशी वाट ही प्रत्यक्षात चार-सहा दिवसांच्या टप्प्यांची माळ असते. टप्पे ओवणारी गाठ म्हणजे शिध्याचं गाव. गाठ सैल राहिली तर पुढचा सगळा टप्पा ढिला पडतो.

आदल्या संध्याकाळी

तंबू लावून झाला, पाणी भरून आणलं की जेवण बनवायच्या आधी अन्नाची पिशवी पूर्ण रिकामी करा. मॅटवर ओळीने मांडा: आज रात्रीचं, उद्या सकाळचं, उद्या चालताना खायचं. यापलीकडे जे उरलं ते बाजूला. हा बाजूचा ढीग नीट बघा, त्याच्याइतकी खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही. माझ्या ढिगात एका प्रवासात सलग तीन टप्पे एकाच चवीचे गोड बार उरत होते. घरी बसून यादी केली तेव्हा ते आवडतील असं वाटलं होतं. चौथ्या दिवशी त्यांचा वासही नको व्हायचा. चौथ्या टप्प्यासाठी मी ते घेतलेच नाहीत, त्याऐवजी खारे दाणे वाढवले. उरलेलं मोजलं नसतं तर दुकानातल्या शेल्फसमोर हात पुन्हा त्या बारकडेच गेला असता.

मग वही काढा आणि यादी लिहा. मोबाइलमध्ये लिहिलीत तरी चालेल, पण शिध्याच्या दिवशी मोबाइल बहुतेक वेळ चार्जिंगला लागलेला असतो, म्हणून मला कागद बरा वाटतो. अन्नाची यादी वेगळी आणि बाकीची वेगळी करा. चिकटपट्टी संपत आली का, लायटर चालतोय का, टॉयलेट पेपर किती उरला, सनस्क्रीन, हेडटॉर्चचे सेल, शिवणाची सुई. या बारक्यासारक्या गोष्टी गावात हमखास विसरतात आणि पुढच्या खिंडीत आठवतात.

गॅसच्या डबीत किती गॅस उरलाय हे हलवून कळत नाही. नवीन डबी घेतली की तिचं भरलेलं वजन मार्करने तिच्यावरच लिहून ठेवा. गावात काटा मिळाला की पुन्हा तोला. जेवढं वजन कमी झालं तेवढा गॅस जळला. माझ्या स्टोव्हवर वारा नसताना अर्धा लिटर पाणी उकळायला ८ ते १० ग्रॅम गॅस लागतो. दिवसातून दोनदा उकळायचं म्हटलं तर १०० ग्रॅमची डबी मला जेमतेम पाच-सहा दिवस जाते. तुमच्या स्टोव्हचा आकडा एकदा घरीच काढून ठेवा.

आता वेळेचं गणित. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या चालीचा एक ठोकताळा मांडला, तो आजही वापरला जातो: तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात ताशी पाचेक किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास. हा ठोकताळा तंदुरुस्त आणि हलक्या ओझ्याच्या माणसाचा आहे. सॅक पाठीवर असेल तर सपाटीला ताशी चार किलोमीटर धरा. पुढे त्याच्यात उताराची भर पडली: उतार सौम्य असेल तर थोडा वेळ वाचतो, पण तीव्र असेल तर दर ३०० मीटरला दहा मिनिटं वाढवायची. ही भर विसरू नका, कारण गाव बहुतेक वेळा दरीत असतं आणि शेवटची वाट उभी उतरते.

एक उदाहरण करून बघू. उद्याचं अंतर २४ किलोमीटर, चढ ७००, आणि शेवटी ९०० मीटरचा तीव्र उतार. अंतराचे सहा तास, चढाचा एक तास दहा मिनिटं, उताराचा अर्धा तास. झाले सात तास चाळीस मिनिटं. खाणं, पाणी भरणं, पाय मोकळे करणं यासाठी एक तास वीस मिनिटं. नऊ तास झाले. त्याच्यावर एक तास राखीव: वाट चुकेल, ओढ्याला पाणी जास्त असेल, बुटाची नाडी तुटेल. दहा तास. दुकान पाचला बंद होत असेल तर सकाळी सातला पाय वाटेवर पडलाच पाहिजे. सातला निघायचं तर साडेपाचला उठायचं, म्हणजे आज रात्री साडेआठ-नऊला झोपायचं. दुकानाच्या कुलपापासून सुरू केलेला हिशोब असा आजच्या झोपेपर्यंत येऊन पोहोचतो.

आणि हिशोब बसला नाही तर? तर उद्या पोहोचायचंच नाही. इथे बहुतेक जण चुकतात. अंतर ३० किलोमीटर आहे, हिशोब बसत नाही, तरी पहाटे चारला टॉर्चच्या उजेडात निघून धावतपळत गाठायचा प्रयत्न करतात. त्यापेक्षा उद्या गावाच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे, पाण्याजवळ मुक्काम करा आणि परवा सकाळी निवांत उतरा. दुकान उघडताना तुम्ही दारात असाल. अख्खा दिवस हाताशी मिळतो, गावात एक रात्र कमी काढावी लागते, आणि ताज्या पायांनी उतरता येतं. लांब वाटांवरचे लोक अशा जवळजवळ विश्रांतीच्या दिवसाला 'नीरो' म्हणतात. ज्या दिवशी अजिबात चालायचं नाही तो 'झीरो'. मला विचाराल तर पाच-सहा दिवसांच्या टप्प्यानंतर झीरोपेक्षा नीरो जास्त चांगला. शरीर सुटत नाही आणि विश्रांतीही होते. अट एकच, अलीकडे थांबायचं तर एका रात्रीचं आणि एका सकाळचं जादा अन्न पिशवीत हवं. म्हणून ते मागच्या गावातच घ्यायचं असतं, त्याबद्दल पुढे.

सकाळी

सकाळबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पोटभर खा. 'दुपारी गावात खायचंच आहे' म्हणून नुसत्या चहा-कॉफीवर निघणाऱ्याची साखर नेमकी शेवटच्या उतारावर संपते. तंबू दवाने ओला असेल तर तो सॅकच्या आत कोंबू नका, वरच्या कप्प्यात किंवा बाहेर बांधा आणि दुपारच्या थांब्यावर उन्हात पसरा; गावात जागा मिळेलच असं नाही. सॅक आज प्रवासातली सर्वांत हलकी असेल, त्यामुळे पट्टे पुन्हा जुळवून घ्या. भरलेल्या सॅकसाठी आवळलेला कमरपट्टा रिकाम्या सॅकला बसत नाही आणि ओझं खांद्यांवर येतं.

वाटेवर: पाणी

गावाच्या ओढीने माणूस दोन गोष्टींत ढिलाई करतो, पाण्यात आणि पायांत. आधी पाण्याचं बघू.

एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून शेवटच्या दिवशी कमी पाणी उचलायचा मोह होतो. मध्यम हवेत तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात जास्त. दोन पाणवठ्यांमधलं अंतर तासांत मोजा, किलोमीटरमध्ये नको. चढावरचे पाच किलोमीटर आणि सपाटीचे पाच किलोमीटर तहानेला सारखे नसतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी भरायचं ते उंचावर भरा. वाट जसजशी वस्तीकडे उतरते तसतसं पाण्यात वरच्या अंगाच्या गोठ्यांचं, शेतांचं, माणसांचं मिसळत जातं. दिसायला ओढा तोच असतो. आणि 'आता गाव तासाभरावर आहे, एवढ्यासाठी कुठे फिल्टर काढायचा' म्हणून सरळ तोंड लावायचा मोह नेमका इथेच होतो. जिआर्डियासारखा परजीवी पोटात गेला तर त्रास बहुधा एक ते दोन आठवड्यांनी सुरू होतो. म्हणजे आज प्यायलेल्या घोटाची शिक्षा गावात मिळत नाही, ती पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या टप्प्यात, कुठल्याही वस्तीपासून दोन दिवस लांब असताना मिळते.

उकळणं सर्वांत खात्रीचं: पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. सूक्ष्म नळ्यांचा, ०.१ मायक्रॉन छिद्रांचा फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतो, विषाणू अडवत नाही. तो एकदा गोठला की आतल्या नळ्या तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून थंडीत तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम मारायला चार तास लागतात. गोळी टाकून पंधरा मिनिटांत पाणी प्यायलात तर त्या परजीवीपुरती ती न टाकल्यासारखीच.

वाटेवर: पाय

फोड येण्याआधी पाय सांगतो. बुटात एका ठिकाणी ऊब वाटायला लागते, मग चुरचुर, मग दुखणं. ऊब वाटली की थांबायचं, 'पुढच्या वळणावर थांबू' नाही. सॅक उतरवा, दगडावर बसा, बूट काढा, मोजा उलटा करा. बहुतेक वेळा गुन्हेगार सापडतो: टाचेच्या शिवणीत अडकलेला वाळूचा एक खडा, गवताचं एक कुसळ, किंवा मोज्याचीच एक घडी. कातडी ओलसर, पांढुरकी, सुरकुतलेली दिसेल. तिच्यावर लगेच पट्टी चिकटवू नका, ओल्या कातडीवर ती दहा मिनिटांत गोळा होते आणि स्वतःच घासायला लागते. पाय पाच मिनिटं वाऱ्याला धरा. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा, टोकदार कोपरा मोज्यात अडकून उचकटतो. लावल्यावर तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे हाताच्या उबेने डिंक बसतो. मोजा चढवताना पट्टीवरून ओढू नका, गुंडाळून आणा आणि तिथे उलगडा. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. गणितात राखीव तास ठेवला तो याच्यासाठीच.

शेवटच्या उतारावर अंगठ्याची नखं बुटाच्या पुढच्या भागावर आदळत राहतात. उपाय उताराच्या वर करायचा, निम्म्यात नाही. टाच मागे रेटून बसवा. सर्वांत वरच्या दोन भोकांमध्ये नाडी त्याच बाजूला ओवून छोटा फास सोडा, मग डावीकडची नाडी उजव्या फासातून आणि उजवीकडची डाव्या फासातून काढून मागे ओढा आणि बांधा. पाय घोट्यापाशी धरला जातो आणि पुढे सरकत नाही. काठ्या वापरत असाल तर उतारासाठी पाच ते दहा सेंटिमीटर लांब करा. पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा.

आणि मोबाइल खिशात राहू दे. उतरताना कुठेतरी पहिल्यांदा रेंज येते, साठलेले मेसेज टिंगटिंग वाजायला लागतात. माझा घोटा एकदा असाच मुरगळला: गावाची छपरं दिसत होती, तीन किलोमीटर राहिले होते, एका हातात फोन होता आणि पावलाखालचा दगड हलला. पाच दिवस कड्यांवरून नीट चाललेला माणूस शेवटच्या तासात पडतो, कारण मनाने तो आधीच पोहोचलेला असतो. मेसेज वाचायचेत? थांबा, बसा, वाचा, मग उठा.

बऱ्याच ठिकाणी शेवटचे दोन-तीन किलोमीटर डांबरी रस्त्याचे असतात. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एका रांगेत चाला. डांबर मऊ मातीसारखं दबत नाही आणि दुपारी तापलेलं असतं, म्हणून रस्त्यावर येण्याआधी मोजे बदललेत तर पाय दुवा देतील.

पोहोचल्यावर काय आधी

गावात शिरताच भूक सगळ्यावर स्वार होते. पाच मिनिटं तिला थोपवा. जे बंद होणार आहे ते आधी, ज्याला वेळ लागतो ते लगेच सुरू करून द्यायचं, बाकीचं नंतर.

बंद होणारं म्हणजे पार्सलची खिडकी आणि दुकान. आधीच पाठवून ठेवलेलं पार्सल असेल तर पहिलं काम ते, कारण ही खिडकी सहसा दुकानाच्याही आधी बंद होते आणि तिथे ओळखपत्र मागतात. दुकानात या क्षणी खरेदी करू नका, फक्त बंद व्हायची वेळ पाटीवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. लगेच सुरू करून द्यायचं म्हणजे चार्जिंग. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा मावते. दहा वॅटच्या साध्या चार्जरवर ती भरायला चार-पाच तास जातात. म्हणून आधी पॉवर बँक लावा, मग मोबाइल. (याच बँकेतून चार हजार एमएएचचा मोबाइल अडीच वेळा भरेल असं कागदावर वाटतं. व्होल्टेज बदलताना होणारी घट धरली तर दीड-दोनदाच भरतो. पुढच्या टप्प्याचा हिशोब त्यावर करा.)

मग साबणाने हात धुवा. नुसता सॅनिटायझर नको. जिथे दमलेले चालणारे एकत्र येतात, एकच संडास वापरतात, एकमेकांच्या पुड्यांत हात घालतात, तिथे उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस पसरतो आणि अल्कोहोलचा सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. कुणी दाणे पुढे केले तर त्याच्या पुड्यात हात घालू नका, आपला तळवा पुढे करा आणि त्याला ओतू द्या.

आता जेवा. खरेदीच्या आधी जेवायचं हा नियम मी एकदाही मोडलेला नाही आणि मोडणारही नाही. उपाशी माणूस दुकानात शिरला की आत्ताची भूक विकत घेतो, पुढच्या पाच दिवसांची घेत नाही. ओलं, ताजं, जड, गोड असं सगळं टोपलीत पडतं आणि दुसऱ्या दिवशी चढावर दोन किलो जास्त वाहावे लागतात.

शिधा: दिवस मोजू नका, जेवणं मोजा

समजा पुढचं दुकान ११० किलोमीटरवर आहे आणि तुमची सरासरी दिवसाला २४. भागाकार येतो साडेचारच्या थोडा वर, म्हणजे पाच दिवस. इथे 'पाच दिवसांचं अन्न' असं म्हणून टोपली उचललीत तर जास्त होईल. नीट मोजा. पहिल्या दिवशी न्याहारी गावातच करून निघाल, म्हणून न्याहाऱ्या चार. दुपारची खाणी पाच. रात्री चार, कारण पाचव्या संध्याकाळी तुम्ही पुढच्या गावात असाल. त्यावर एक रात्रीचं जेवण आणि एक न्याहारी जादा, ती सगळ्यात तळाशी. अलीकडे मुक्काम करून सकाळी उतरायची मुभा मिळते ती या जादा दोन जेवणांमुळेच. ती मी शक्यतो न शिजवता खाता येतील अशी घेतो, कारण अन्न संपतं तेव्हा बहुधा गॅसही संपत आलेला असतो.

वस्ती फारच लांब असेल तर हा राखीव साठाही वाढतो. अमेरिकेतल्याच अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांब वाटेच्या उत्तर टोकाकडे, मेन राज्यात, 'हंड्रेड माइल विल्डरनेस' नावाचा सुमारे १६० किलोमीटरचा टप्पा आहे. तो वेगाने चालणारे पाच-सहा दिवसांत पार करतात, तरी सुरुवातीची पाटी किमान दहा दिवसांचा शिधा सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ नका असं बजावते.

वजनाला दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम कोरडं अन्न बहुतेकांना पुरतं. पण ग्रॅम म्हणजे ऊर्जा नव्हे. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला चार कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ नऊ. पाकिटाच्या मागे १०० ग्रॅमला किती कॅलरी ते वाचा. सगळ्या टोपलीची सरासरी ४५० च्या आसपास आली तर ८०० ग्रॅममध्ये ३,६०० कॅलरी मिळतात. दाणे, सुकामेवा, शेंगदाण्याचं लोणी, दूध पावडर, तेलाची लहान बाटली यांनी हा आकडा वर जातो. नुसत्या नूडल्स आणि बिस्किटांनी पोट भरतं, पण तिसऱ्या दिवशी अंगातली ताकद गेल्यासारखी वाटते. प्रवासाच्या पहिल्या आठवड्यात भूक कमी असते आणि अन्न उरतं. दोन-तीन आठवड्यांनी भूक अचानक वाढते आणि तेच माप अपुरं पडतं. म्हणून आदल्या संध्याकाळच्या त्या मॅटवरच्या ढिगाकडे परत या. यादी त्याच्यावरून कमी-जास्त करा.

विकत घेतलेलं सगळं दुकानाबाहेरच उघडा. पुठ्ठ्याचे खोके, दुहेरी वेष्टनं काढून टाका. चार किलो अन्नातून निघालेला कचऱ्याचा ढीग बघून आश्चर्य वाटेल, आणि तो पाच दिवस वाहून पुढच्या गावात आणण्यापेक्षा इथेच टाकलेला बरा. शिजवायची कृती लिहिलेली पट्टी कापून त्याच पिशवीत टाका. जेवणं उलट क्रमाने भरा, शेवटच्या दिवसाचं तळाला, आज दुपारचं वर. जड आणि ओलं असेल ते पहिल्याच दिवशी संपवायचं.

अनेक मुक्कामांवर 'हायकर बॉक्स' असतो. नको असलेलं त्यात टाकायचं, हवं ते घ्यायचं. माझ्या आयुष्यातले काही उत्तम जेवणाचे बेत त्या खोक्यातून निघालेत. मात्र नाव नसलेल्या पिशवीतली पांढरी पावडर घेऊ नका, ती दूध असेल किंवा कपडे धुवायची असेल. आणि आपण टाकताना सीलबंद किंवा नाव लिहिलेलंच टाका. अर्धवट उघडलेल्या पुड्यांचा डोंगर करून निघून जाणं म्हणजे मागून येणाऱ्याला कचरा देणं.

पार्सल की खरेदी, हा वाद संपत नाही. दुकान बऱ्यापैकी असेल तिथे मी खरेदी करतो, कारण दोन महिन्यांपूर्वी बांधलेल्या खोक्यात दोन महिन्यांपूर्वीची आवड असते. औषधं, विशिष्ट आहार किंवा दुकानच नसलेलं गाव असेल तरच पार्सल. पाठवताना ते किती दिवस सांभाळून ठेवतात हे आधी विचारा. गॅसची डबी साध्या पार्सलमध्ये घालू नका, ती ज्वलनशील वस्तूंमध्ये मोडते.

संध्याकाळ आणि निघणं

कपडे धुवून वाळत घातले, अंघोळ झाली की पाय बघा, चांगल्या उजेडात. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कोरू नका. बुटांतले तळवे बाहेर काढून वेगळे वाळवा. सोलचा खाच-उंचवटा टाचेकडे गुळगुळीत झाला असेल तर आता ठरवा. धावण्याच्या धर्तीचे हलके बूट ५०० ते ८०० किलोमीटरांत थकतात, आणि पुढच्या टप्प्याच्या मध्ये ते बदलता येत नाहीत. स्लीपिंग बॅग उलटी करून तासभर पसरा. पाच रात्रींचा घामाचा दमटपणा तिच्यात बसलेला असतो आणि ती तेवढी कमी उबदार झालेली असते.

घरच्यांना एक मेसेज करा, आणि त्यात 'मजेत आहे' याच्या पुढे तीन गोष्टी लिहा: कुठून निघतोय, कुठे आणि कधी पोहोचणार, आणि किती वाजेपर्यंत काहीच कळलं नाही तर कुणाला फोन करायचा. शेवटची गोष्ट लिहिली नाही तर घरचे एक तर दुसऱ्याच दिवशी घाबरतात नाहीतर चौथ्या दिवसापर्यंत वाट बघत बसतात.

दुसऱ्या दिवशी सॅक काल होती त्याहून चार-पाच किलो जड असेल. त्यामुळे पहिला दिवस आखूड ठेवा, २४ ऐवजी १५-१६ किलोमीटर. बहुतेक गावं दरीत असल्यामुळे निघताना चढच असतो. पहाटेच्या थंडाव्यात तो उरकला तर ओझं निम्मं वाटतं. कमरपट्टा पुन्हा आवळून घ्या. वरच्या कप्प्यात आज दुपारचं खाणं, पट्टी आणि कात्री, फिल्टर.

आणि एक छोटा कागद. त्यावर पुढच्या गावच्या दुकानाचं नाव, रोजची वेळ, सुट्टीचा वार आणि अर्ध्या दिवसाचा वार. गावातून निघण्याआधी फोन करून विचारून घ्या, दुकानदार पटकन सांगतात. त्याच कागदावर आजपासून पुढचे सहा वार आणि तारखा एकाखाली एक लिहा आणि रोज संध्याकाळी तंबू लावून झाला की एक खोडा.